दोन उंच गडी आणि चेंडूचे आवर्तन

बास्केटबॉलच्या शास्त्रात ‘पोस्ट’ ही संज्ञा संघातल्या अशा खेळाडूला लावली जाते, जो रिंगच्या जवळ प्रतिस्पर्धी रक्षकाला पाठीवर घेऊन उभा राहतो, हात उंच करून चेंडू मागतो आणि चेंडू हाती आला की वळून तो रिंगमध्ये टाकतो. रिंगला लागून उभा राहणारा तो ‘लो पोस्ट’ आणि फ्री थ्रोच्या रेषेपाशी, म्हणजे फलकापासून ४.६ मीटरवर, उभा राहणारा तो ‘हाय पोस्ट’, असा या पदाचा पोटभेद आहे. आणि ज्या संघाला एकाच हंगामात असे दोन दणकट गडी लाभतात त्याचे आक्रमण थोपवणे कठीण असते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी बहुधा दौंड तालुक्यात सराव घेतलेला नसतो. ‘चेंडू हाती आला की’ ही जी अट व्याख्येत सहज म्हणून घातलेली आहे, तिच्यात एक आख्खा हंगाम बुडेल एवढी खोली आहे, हे ग्रामीण महाविद्यालयीन संघांच्या निरीक्षणातून ध्यानात येते, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्या खोलीविषयीच आहे.

पुणे-सोलापूर महामार्गाने उरुळी कांचन मागे टाकून यवतच्या दिशेने निघाले की मध्ये कासुर्डीचा जुना टोलनाका लागतो. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून याच रस्त्याने यवतला जाते. एरवी या रस्त्याने ऊस आणि गुळाच्या ढेपा जात असतात, आणि टोल होता तोवर तो चुकवण्याच्या युक्त्याही जात. या पट्ट्यात कुस्तीला प्रतिष्ठा आहे, कबड्डीला गर्दी आहे आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटला रोख बक्षिसे आहेत. बास्केटबॉलच्या वाट्याला सिमेंटचा एक चौकोन आलेला आहे, ज्यावर वर्षातला काही काळ दुचाक्या उभ्या असतात, काही काळ स्नेहसंमेलनाचा मांडव असतो, आणि उरलेल्या काळात मांडवाच्या खांबांसाठी पाडलेली भोके असतात. अशा ठिकाणी एक कला व वाणिज्य महाविद्यालय आहे असे समजावे. ते कल्पित असल्यामुळे त्याच्या संघाविषयी निर्भयपणे लिहिता येते, आणि पुढील मजकुरात एखाद्या क्रीडा संचालकांना स्वतःचा चेहरा दिसलाच, तर तो व्यक्तीचा नव्हे, पदाचा चेहरा मानावा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात, आणि त्यांत पुणे शहराचा विभाग वेगळा व पुणे जिल्ह्याचा वेगळा असतो. ही व्यवस्था ज्याने केली त्याचे ग्रामीण भागावर उपकार आहेत. कारण भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेल्या शिरीन लिमये ज्या शहरातून आल्या, त्या शहराच्या मैदानांशी गाठ पडण्यापूर्वी ग्रामीण संघाला निदान आपल्यासारख्यांकडून हरण्याची सोय या व्यवस्थेमुळे झालेली आहे.

संघनिवडीची रूढ पद्धत अशी की स्पर्धेचे पत्र आले म्हणजे ज्यांच्याकडे बूट आहेत त्यांना बोलावले जाते, त्यांतले ज्यांना तासांतून सुटका हवी आहे ते पुढे येतात, आणि त्यांतल्या बारा जणांची नावे ओळखपत्राच्या छायाप्रतींसह लिहून पाठवली जातात. उंचीचा प्रश्न या पद्धतीत उपस्थितच होत नाही. परंतु एखाद्या वर्षी प्रवेशाच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या लिपिकाला अर्जदाराच्या जागी शर्टाच्या केवळ मधल्या गुंड्या दिसतात, तो “तोंड दाखवा” असे ओरडतो, बऱ्याच वेळाने वरून एक तोंड खाली येते, आणि तेथून जाणारे क्रीडा संचालक जागीच थबकतात.

“बास्केटबॉल खेळलायस का रे कधी?”

“नाय सर.”

“मग काय खेळतोस?”

“तालमीत जायचो सर. आता गावात कुणाचा पंखा पुसायचा आसला की बोलावत्यात.”

“बास, एवढं पुरे आहे.”

त्याच आठवड्यात दुसरा सापडतो, आणि महाविद्यालयाच्या इतिहासात प्रथमच दोन पोस्ट एकाच हजेरीपटावर येतात. पहिल्याची उंची ६ फूट ५ इंच आणि दुसऱ्याची ६ फूट ३ इंच. पहिला वयाने लहान असूनही उंचीच्या ज्येष्ठतेने ‘थोरला’ ठरतो, आणि दुसरा, ज्याचा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाशी जुना व दृढ परिचय आहे, तो ‘धाकटा’ म्हणून ओळखला जाऊ लागतो. थोरला कुस्तीतून आलेला आहे, धाकटा कबड्डीतून. दोघांचाही चेंडूशी आजवर संबंध आलेला नाही, ही बाब त्या वेळी कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण सर्वांच्या माना वर झालेल्या असतात.

महाविद्यालयाच्या फाटकासमोरील चहाच्या टपरीवर त्याच संध्याकाळी आक्रमणाचा आराखडा तयार होतो. टपरीवरील तज्ज्ञमंडळात एक निवृत्त तलाठी, दोन माजी कबड्डीपटू आणि पेपर चाळायला आलेले अनेक जण असतात, आणि त्यांचा निष्कर्ष एकमताचा असतो, की दोन्ही पोरे रिंगखाली उभी केली की विषय संपला. रिंग ३.०५ मीटरवर, थोरल्याचा हात वर केल्यावर साधारण अडीच मीटरच्या पुढे, म्हणजे राहिले किती, तर अर्धा मीटर. “अर्धा मीटर तर म्हातारं माणूस पण उडी मारंल,” असे निवृत्त तलाठी मोजणीच्या अधिकारवाणीने सांगतात, आणि जिल्हा विभाग जिंकल्यावर मिरवणूक टोलनाक्यापासून काढावी की गावच्या वेशीपासून, या दुय्यम मुद्द्यावर मंडळात फूट पडते.

उंच माणसावर सर्व भार टाकून मोकळे होण्याची ही वृत्ती केवळ टपरीची नव्हे, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या फळांच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला, तेव्हा सज्जा दहा फुटांवर होता म्हणून टोपल्या दहा फुटांवर बसल्या. त्या तेथून आजतागायत हललेल्या नाहीत. पहिल्या सामन्यात दोन्हीकडून नऊ-नऊ जण खेळले आणि एकूण एकच गोल झाला, त्यामुळे निकाल १–० असा लागला. प्रस्तुत महाविद्यालयाचा पहिला सराव सामनाही साधारण याच वेगाने झालेला असल्याने, संघ खेळाच्या मूळ परंपरेच्या जवळ आहे, असे म्हणण्यास आधार मिळतो.

पुढे खेळात उंच माणसे आली, आणि उंच माणसे आल्यावर नियम आले. रिंगखालच्या आयतात हल्लेखोराने तीन सेकंदांहून अधिक काळ थांबू नये, असे १९३६ मध्ये ठरले. जॉर्ज मायकन आणि बॉब कर्लंड हे दोघे महाकाय विद्यार्थी प्रतिस्पर्ध्यांचे खाली येणारे चेंडू रिंगच्या वरूनच वेचून घेऊ लागले, तेव्हा १९४४ मध्ये त्यालाही महाविद्यालयीन खेळात बंदी झाली. मायकन व्यावसायिक झाल्यावर १९५१ मध्ये तो आयत सहा फुटांचा बारा फूट रुंद करण्यात आला, आणि विल्ट चेंबरलेनच्या धास्तीने १९६४ मध्ये सोळा फूट. ल्यू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, महाविद्यालयात पहिला हंगाम खेळला आणि लगेच १९६७ मध्ये चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्याची, म्हणजे ‘डंक’ची, महाविद्यालयीन खेळात मनाई झाली, ती तो शिकून बाहेर पडल्यावरही १९७६ पर्यंत टिकली. उंच मुलाला शोधून आणायचे आणि तो सापडल्यावर त्याच्याविरुद्ध नियम करायचा, असा हा क्रम आहे. बुटक्यांविरुद्ध असा एकही नियम झाल्याचे दिसत नाही, यावरून नियमसमितीवर कोणत्या उंचीची माणसे बसत असावीत याचा तर्क करता येतो. प्रस्तुत अभ्यासकाची उंची लक्षात घेता त्याने या तर्कात अधिक खोल न जाणे शोभून दिसेल.

मात्र थोरला आणि धाकटा यांच्या मार्गात यांपैकी एकही नियम आडवा येत नाही, कारण नियम लागू होण्यासाठी प्रथम चेंडू यावा लागतो, आणि येथे चेंडू कालव्याच्या पाण्याच्या रीतीने येतो. खडकवासल्यातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातून इंदापूरकडे जातो, आणि त्याचे आवर्तन सुटले, म्हणजे ठरलेल्या पाळीचे पाणी सोडले गेले, की कागदावर ते हेडपासून टेलपर्यंत सर्वांचे असते. प्रत्यक्षात हेडचा शेतकरी आपला ऊस भिजवतो, मग बांधावरचा नारळ भिजवतो, मग रस्ता भिजवतो, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी सुटल्याची बातमी तेवढी पोहोचते. बास्केटबॉलच्या मैदानावर गार्ड, म्हणजे चेंडू टप्पे मारत पुढे आणणारे चपळ व बुटके खेळाडू, हे हेडला असतात, आणि पोस्ट हे टेलला. बाहेरून आत पोस्टकडे जो पास द्यायचा त्याला ‘एन्ट्री पास’ म्हणतात. आणि ज्या तालुक्यात चारीच्या दारासाठी माणसे रात्र रात्र जागतात, तेथे हाती आलेला चेंडू कोणी सूर्यप्रकाशात, पंचांच्या देखत, आपण होऊन दुसऱ्याला देईल, ही अपेक्षा मानवी स्वभावाच्या अपुऱ्या अभ्यासातून आलेली आहे.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार चेंडू ताब्यात आल्यापासून चोवीस सेकंदांत रिंगच्या दिशेने फेकावा लागतो, आणि त्यांतले आठ सेकंद स्वतःच्या अर्ध्यातून बाहेर पडण्यासाठी मिळतात. उरलेल्या सोळा सेकंदांचा विनियोग हा गार्डच्या स्वभावाचा आरसा असतो. पहिल्या गार्डने मोबाइलवर स्टीफन करीचे रील पाहिलेले असतात, आणि त्यामुळे तीन गुणांची रेषा, जी रिंगपासून ६.७५ मीटरवर असते, ती त्याला फारच जवळ वाटते. तो तिच्याही मागून, उसाच्या बाजूने, चेंडू सोडतो आणि तो सुटताक्षणी पाठ फिरवून प्रेक्षकांकडे पाहतो, कारण रीलमध्ये करी तसे करतो. पाठ फिरवलेली असल्यामुळे चेंडू प्राचार्यांच्या गाडीवर पडला हे त्याला आवाजावरूनच कळते. दुसरा गार्ड संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा भाचा असून, त्याचा चेंडूवरील हक्क खेळाच्या नियमांहून जुना आहे. तिसरा गार्ड अभ्यासू आहे. तो एन्ट्री पास द्यायचाच या निश्चयाने उभा राहतो, थोरल्याकडे पाहतो, धाकट्याकडे पाहतो, दोघांपैकी कोणीही दुखावू नये म्हणून पुन्हा पाहतो, आणि शिट्टी वाजते.

विश्रांतीच्या वेळी होणारी चौकशी साधारण अशी असते.

“अरे, आत थोरला मोकळा उभा होता.”

“दिसला ना सर.”

“मग दिला का नाहीस?”

“सर, मी पण मोकळाच होतो.”

“आणि तू रे? तू तरी द्यायचास.”

“मी मागं दिला होता सर.”

“कधी?”

“गणपतीच्या आधी.”

चेंडू न मिळणाऱ्या पोस्टच्या मनोवस्थेचा अभ्यास क्रीडामानसशास्त्राने फारसा केलेला नाही. सामन्याच्या प्रारंभी थोरल्याचा हात सरळ वर असतो आणि तो “हिकडं, हिकडं” असे घसा फाटेपर्यंत ओरडतो. काही वेळाने हात कोपरात वाकतो, मग तो डोळ्यांवर सावली धरण्यासाठी वापरला जातो, आणि दुसऱ्या सत्रापर्यंत थोरला आपल्याला पाठीमागून रेटणाऱ्या रक्षकाशी बोलू लागलेला असतो. येथून आक्रमणाच्या ऱ्हासाचा खरा आरंभ होतो.

“पाव्हणं, गाव कुठलं?”

“केडगाव.”

“आमची आत्या दिलीय की केडगावात.”

“कुणाच्यात?”

आडनाव निघते, भावकी निघते, आणि चौकशीअंती रक्षक हा आत्याच्या धाकट्या दिराचा मेहुणा ठरतो. पोस्टच्या खेळात रक्षकाला कंबरेने व खांद्याने रेटून जागा घ्यावी लागते, तिला ‘पोस्टिंग अप’ म्हणतात. परंतु आत्याच्या सासरच्या माणसाला कंबरेने रेटले, तर कोणत्याही पंचाने फाउल दिला नाही तरी आत्या देईल, याची थोरल्याला खात्री असते. त्या क्षणापासून तो रक्षकाला वाट देतो, पडल्यास उठवतो, आणि विश्रांतीत आपल्या बाटलीतले पाणी देतो. दौंड, शिरूर आणि हवेली या तीन तालुक्यांत सोयरिकी एवढ्या दाट आहेत की तेथील संघांना दणकट पोस्ट लाभूनही त्यांचे बळ कधी कामी येईल असे वाटत नाही. हे बळ वापरायचे तर पहिल्या फेरीत विदर्भातल्या संघाशी गाठ पडली पाहिजे.

तीन सेकंदांच्या नियमाचा उल्लेख वर आलाच आहे. आलोच म्हणून सांगून तासाने येणाऱ्या आणि पाच मिनिटांत जेवायला बसू म्हणून दुपार काढणाऱ्या समाजात वाढलेल्या मुलाला तीन सेकंद हे वेळेचे माप असू शकते हेच प्रथम पटवून द्यावे लागते. धाकट्याला पहिल्यांदा शिट्टी बसली तेव्हा त्याने पंचांना, “आत्ताच तर आलो,” असे पूर्ण प्रामाणिकपणे सांगितले.

दोन पोस्ट एकत्र खेळवण्याची शास्त्रशुद्ध रीत ‘हाय-लो’ या नावाने ओळखली जाते. एकाने रिंगखाली व दुसऱ्याने फ्री थ्रोच्या रेषेवर थांबावे, चेंडू आधी वरच्याकडे यावा, खालच्याने रक्षकाला पाठीवर अडकवावे आणि वरच्याने डोक्यावरून चेंडू खाली सोडावा, अशी ही योजना आहे. दोन उंच माणसांनी एकमेकांच्या वाटेत न येणे हा तिचा गाभा आहे, आणि तो थोरामोठ्यांनाही कठीण गेलेला आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक साखळीत ह्यूस्टनच्या संघाने १९८४ मध्ये हकीम ओलाजुवान व राल्फ सॅम्पसन हे दोन सात फुटी मनोरे एकत्र उभे केले; ते १९८६ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, बोस्टनकडून हरले, आणि पुढच्या वर्षी सॅम्पसन दुसऱ्या संघात गेला. डेव्हिड रॉबिन्सन आणि टिम डंकन यांनी सॅन अँटोनियोला १९९९ व २००३ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिले, हे खरे. पण दोघेही चेंडू सहज देणारे होते, आणि त्यांतला थोरला धाकट्याला पुढे करून स्वतः मागे सरला, ही गोष्ट अमेरिकेत घडली म्हणून लिहून ठेवली गेली.

कासुर्डीच्या सरावात क्रीडा संचालक खडूने मैदानावर बाण काढतात, एकाला वर उभे करतात, दुसऱ्याला खाली, आणि शिट्टी वाजताच दोघेही मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभे राहतात. हा व्यूहरचनेचा कोणता प्रकार आहे, याचा उलगडा होण्यास बराच काळ गेला. त्या कोपऱ्यावर लिंबाची सावली पडते, आणि सकाळी अकरानंतर तेवढीच एक जागा सिमेंटवर उभे राहण्याजोगी असते. दोन पोस्ट एका सावलीत उभे राहिल्यामुळे चार रक्षकही त्याच सावलीत येतात, काही वेळाने पंचही तेथून शिट्टी वाजवू लागतात, आणि उरलेल्या रिकाम्या, तापलेल्या मैदानावर पहिला गार्ड एकटाच करी होऊन फिरत राहतो. सूर्य कलल्यावर सावली फ्री थ्रोच्या रेषेकडे सरकते, आणि तेव्हा काही क्षण हाय-लो रचना आपोआप सिद्ध होते. परंतु तोवर यवतची शेवटची सोयीची एस.टी. निघायची वेळ झालेली असते.

पूर्वसंस्कारांचा प्रश्नही लहान नाही. धाकट्याला कबड्डीची सवय असल्यामुळे प्रतिस्पर्धी समोरून येताना दिसला की त्याचा हात नकळत घोट्याकडे जातो. एका खेळाडूला पाच फाउलनंतर बाहेर बसावे लागते, आणि धाकट्याने हे पाच फाउल बहुधा पहिल्या सत्रातच, एकाच घोट्यावर, मिळवलेले असतात. थोरल्याचे वस्ताद तर या खेळाकडेच संशयाने पाहतात. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा हा ७ फूट २ इंचांचा मुलगा २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने निवडला, आणि अमेरिकेच्या त्या व्यावसायिक साखळीत निवड झालेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला, हे उदाहरण क्रीडा संचालकांनी मोठ्या अपेक्षेने वस्तादांपुढे ठेवले. “मग आता काय करतो तो?” असे वस्तादांनी विचारले. साखळीत त्याला एकही सामना मिळाला नाही आणि तो पुढे अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीत उतरला, हे उत्तर ऐकल्यावर वस्तादांनी काहीही न बोलता थोरल्याकडे पाहून मांडीवर थाप मारली.

आक्रमणाचे सर्व मार्ग खुंटले तरी एक मार्ग नियमांनीच राखून ठेवलेला आहे. फाउल झालेल्या खेळाडूला कोणीही अडवायला नसताना, शांतपणे, फ्री थ्रोच्या रेषेवरून चेंडू टाकण्याची संधी मिळते. उंच माणसांचा आणि या सोप्या संधीचा सनातन बेबनाव आहे. विल्ट चेंबरलेनची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी शेकडा ५१ होती. मात्र १९६१–६२ च्या हंगामात त्याने दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांपाशी धरून खालून वर सोडण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा ती शेकडा ६१ वर गेली, आणि २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे त्याने एका सामन्यात जे १०० गुण केले त्यांत ३२ पैकी २८ फ्री थ्रो या पद्धतीने रिंगमध्ये गेले होते. त्यानंतर त्याने ही पद्धत सोडून दिली. कारण असे की ती बायकी दिसते असे त्याला वाटे, आणि हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. सामन्यात शंभर गुण करणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील याची भीती वाटावी, हे वाचल्यावर थोरल्याविषयी कठोर मत बनवणे अवघड जाते.

कारण थोरल्यालाही हीच पद्धत साधली होती. खालून दोन्ही हातांनी चेंडू सोडण्याची हालचाल त्याच्या अंगात गुऱ्हाळावर ढेपा ट्रॅक्टरमध्ये फेकण्यामुळे मुरलेली होती, आणि सरावात त्याचे दहातले आठ चेंडू रिंगला न शिवता आत जात. क्रीडा संचालकांना कृतकृत्य वाटले. परंतु एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या काही विद्यार्थिनी एस.टी.ची वाट पाहत थांबल्या, त्यांतली एक हसली, आणि ती थोरल्याला पाहून हसली की मोबाइल पाहून, याचा निर्णय होऊ शकला नाही तरी दुसऱ्या दिवसापासून थोरला एका हाताने, डोक्यावरून, करीच्या शैलीत फ्री थ्रो टाकू लागला. दहातला एक आत जाऊ लागला. “खालून टाक रे,” असे संचालकांनी अजीजीने म्हटले, त्यावर थोरल्याने उत्तर दिले, “सर, बरं नाय दिसत.”

जिल्हा विभागाच्या स्पर्धेला संघ जीपने जातो. बारा खेळाडू, एक संचालक, चेंडूंची जाळी आणि डब्यांच्या पिशव्या एका जीपमध्ये बसवणे ही एरवीही कसरत असते. दोन पोस्टमुळे ती भूमितीचे प्रमेय होते. थोरल्याचे गुडघे पुढच्या आसनाच्या पाठीत रुतल्यामुळे चालकाला प्रत्येक वळणावर सल्ला मिळत राहतो, आणि धाकटा मान वाकडी करून बसल्यामुळे सामन्याचे पहिले सत्र तो एकाच दिशेला पाहून खेळतो. पंधरा नंबरचे जे बूट थोरल्यासाठी मागवलेले असतात, ते तीन दुकानांची दरपत्रके आल्याशिवाय खरेदी करू नयेत असा शेरा फाइलवर पडलेला असल्याने, तो वस्तादांच्या चपला घालून आलेला असतो आणि पंच त्या काढायला लावतात.

सामन्याचे तपशील फारसे देण्याची गरज नाही, कारण ते वाचकाला आता स्वतःच रचता येतील. एवढे मात्र नोंदवले पाहिजे, की थोरल्याच्या हाती चेंडू आला. तो कोणी दिला नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा हुकलेला चेंडू फलकावर आदळून त्याच्या छातीवर पडला, यालाच ‘रिबाउंड’ म्हणतात. इतक्या दिवसांनी लाभलेला चेंडू हातात, रिंग डोक्यावर, समोर कोणी नाही, अशा त्या मंगल मुहूर्तावर थोरल्याने उडी मारून तो रिंगमध्ये घातला, आणि ती रिंग त्याच्या स्वतःच्या संघाची होती. नियम असा आहे की खेळाडूने चुकून आपल्याच रिंगमध्ये चेंडू घातल्यास दोन गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात, परंतु हेतुपुरस्सर घातल्यास तो नियमभंग ठरतो आणि गुण कोणालाच मिळत नाहीत. पंचांनी विचारले, “चुकून गेला का?” थोरला दुखावला गेला. “चुकून कसा जाईल सर? मुद्दाम टाकला,” असे तो म्हणाला, आणि सबंध सामन्यात संघाच्या बाजूने लागलेला हा एकमेव निर्णय ठरला.

परतल्यावर क्रीडा समितीची सभा झाली. पराभवाच्या कारणमीमांसेत खेळपट्टी, ऊन, पंच आणि जीप यांची चर्चा झाली, दोन्ही पोस्टच्या निष्ठेबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला, आणि दोन उंच खेळाडू अपुरे पडतात हे सिद्ध झाल्यामुळे पुढील शैक्षणिक वर्षी तिसरा शोधावा, अशी शिफारस एकमताने करण्यात आली. प्रवेशाच्या खिडकीपाशी भिंतीवर सहा फुटांची रेघ मारण्याच्या खर्चासही मंजुरी मिळाली. तेव्हा मागच्या बाकावरून ग्रंथपालांनी भीतभीत विचारले, “पण तिघांना चेंडू कोण देणार?”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि तो मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत घेण्याची सूचना केली. आयत्या वेळचे विषय निघण्यापूर्वी वडापाव आले, आणि ताट पहिल्या गार्डच्या हातात होते.